पान एकशे त्र्याण्णव

गिरगावातल्या सद्विचार वाचनालयाच्या जिन्यात, चपला काढायच्या जागेच्या बरोबर वर, एक हिरवा फलक लागला आणि नाना टिपणिसांचा पाय पुढचे दोन महिने जमिनीवर ठरला नाही. फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नुकतंच वाचलेलं’. सभासदांनी नुकत्याच वाचून संपवलेल्या कादंबऱ्यांबद्दल दोन शब्द लिहून तिथे लावावेत, अशी कल्पना होती. कल्पना नानांची, टाचण्या नानांच्या, आणि पहिला महिनाभर लिहिणारे सभासदही एकटे नानाच होते.

नाना मंत्रालयात चौतीस वर्षं टिपण्या लिहून निवृत्त झाले. आडनावाला जागलो, असं ते स्वतःच पाहुण्यांना सांगत आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसत. पण त्या हसण्यात एक जुनं दुखणं होतं. नानांची टिपणी वर जायची आणि समासात लाल शाईचा शेरा घेऊन खाली यायची. ‘चर्चा करा.’ ‘पुन्हा सादर करा.’ एकदा तर नुसतंच ‘का?’ पहिल्याच फेरीत ‘मंजूर’, असा शेरा चौतीस वर्षांत एकदाही नशिबी आला नाही. हे दुःख आपण घरी कधी बोलून दाखवलं नाही असं नानांना वाटत होतं. त्यांच्या पत्नीला, नलूताईंना, ते तारीखवार पाठ होतं.

तेव्हा फलकावरचे अभिप्रायही नाना ओघानेच टिपणीच्या भाषेत लिहीत. ‘विषय : सदर कादंबरी वाचून संपल्याबाबत. सदर कादंबरीतील नायकाचे वर्तन नियमास धरून नाही. तथापि पावसाचे वर्णन समाधानकारक. अवलोकनार्थ सादर.’ वाचनालयाचा चिटणीस विकास हा चाळिशीतला बँकवाला माणूस. त्याने एक दिवस नानांना चहा पाजून हळूच सुचवलं की नाना, जरा मॉडर्न लिहा, गोष्ट सांगू नका, फील सांगा. नानांना ते लागलं. घरी येऊन त्यांनी सुनेला विचारलं. ऋता एका जाहिरात कंपनीत होती आणि तिच्या उशाशी कायम एक जाडजूड कादंबरी असे. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली की बाबा, आजच्या कादंबरीत शेवट सरळ येत नाही, तो वाचकाने जोडून घ्यायचा असतो. नानांनी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांनीच पुढे घात केला.

त्याच आठवड्यात तीन जुन्या कादंबऱ्या बांधणीला निघाल्या. तिन्ही चाळीसेक वर्षांपूर्वीच्या, गिरगावातल्याच एका प्रकाशकाच्या, आणि तो प्रकाशक आता हयात नाही. एक रहस्यकथा, ‘पंख्याखालचा माणूस’. एक सामाजिक, ‘तिसऱ्या मजल्यावरची सून’. एक ऐतिहासिक, ‘गड जागा आहे’. त्या प्रकाशकाला विषय कुठलाही चाले, पण कादंबरी दोनशे आठ पानांचीच लागे. त्यामुळे तिन्हींचा आकार तोच, ठसा तोच, पानंही तितकीच. कव्हरं केव्हाच गेली होती, दोरा कुजला होता, आणि आत उरल्या होत्या सोळा-सोळा पानांच्या सुट्या घड्या. छापखान्यात त्याला फर्मा म्हणतात. एका पुस्तकाचे तेरा, तिन्हींचे मिळून एकोणचाळीस फर्मे सुतळीने बांधून परळला रामजींकडे न्यायचे होते. पुस्तक बांधणीला बाहेर न्यायचं तर कार्यकारिणीचा माणूस सोबत हवा असा नियम आहे. नाना म्हणाले, मी नेतो.

परळला बसमधून उतरताना सुतळीने दगा दिला. एकोणचाळीस फर्मे पदपथावर पसरले. नाना गुडघ्यांवर बसून ते गोळा करत असताना जाणाऱ्या-येणाऱ्यांनी भरपूर सल्ला दिला. एकाने तर, काका, आता हे सगळं फोनवर वाचायचं, असं सांगून त्यातल्याच एका फर्म्यावर पाय ठेवून बस पकडली. अखेर नाना एका चहाच्या टपरीच्या बाकावर बसले आणि त्यांनी तीन ढीग लावायला घेतले. प्रत्येक फर्म्याची शेवटची ओळ वाचायची, पुढच्याची पहिली वाचायची, जुळली की ठेवायचं. प्रत्येक ढिगात बारा फर्म्यांपर्यंत काम चोख झालं. तेवढ्यात टपरीवाला म्हणाला की चहा घ्यायचा तर घ्या, नाहीतर बाक मोकळा करा. एका हातात गरम ग्लास आल्यावर ओळी वाचणं अवघड झालं. शेवटचे तीन फर्मे उरले होते. तिन्हींवर आकडा एकच, एकशे त्र्याण्णव. नानांनी एकेका ढिगावर एकेक ठेवून दिला. एकही आकडा गळला नव्हता, एकही दुबार आला नव्हता. जावक विभागात याहून जास्त कधी कुणी विचारलं नव्हतं.

रामजी हे जुन्या छापखान्यातले बाइंडर. वरळीच्या बीडीडी चाळीत जन्म गेला, आता परळला मुलीशेजारी खोली घेऊन घरच्या घरी बांधणी करत. खोलीत भिंतभर पुस्तकं, सगळी त्यांनी स्वतः निळ्या कापडात बांधलेली आणि सगळी वाचलेली. त्यांनी ढीग हातात घेतला, अंगठ्याने कडा चाळली आणि म्हणाले, “शिवायच्या आधी एकदा ओळी लावून बघतो, नाना.”

“क्रम मी लावलाय,” नाना म्हणाले. “तुम्ही फक्त दोरा घाला.”

रामजींनी चष्म्यावरून एकदा नानांकडे पाहिलं आणि सुईत दोरा ओवला.

दहा दिवसांनी तिन्ही पुस्तकं काळ्या रेक्झिनमध्ये नवरीसारखी सजून आली. आणली ज्याने, पहिला वाचायचा मान त्याचा. नानांनी आधी रहस्यकथा घेतली. एकशे ब्याण्णवाव्या पानापर्यंत त्यांनी जेवण दोनदा गरम करायला लावलं. बंद खोली, पंख्याखाली प्रेत, सातजण संशयित. पानाच्या तळाशी इन्स्पेक्टर नील सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, “खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव” आणि नानांनी घाईने पान उलटलं. पुढे होतं, “वरद ठेवायचं, दुसरं काही नको.” मग पेढे वाटले गेले, पाळणा हलला, सुनेने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कादंबरी संपली.

नानांनी पान पुन्हा मागे उलटलं, पुन्हा पुढे. मग उठून त्यांनी डायरी काढली. शेवट सरळ येत नाही, वाचकाने जोडून घ्यायचा असतो. त्यांनी जोडून घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात ते आनंदाने खोलीत येरझाऱ्या घालू लागले. खुनी जन्माला येतो, तेव्हा तो तान्हाच असतो. लोक पेढे वाटतात. केवढा विचार आहे हा, आणि तोही चाळीस वर्षांपूर्वी.

सामाजिक कादंबरीने तर कळसच केला. नम्रता नावाची सून जवळजवळ दोनशे पानं सासुरवास सोसते, अखेर सासूच्या किल्ल्या तिच्या कमरेला येतात. एकशे ब्याण्णवाव्या पानावर ती पाळण्यातल्या बाळाकडे पाहते ‘आणि शेवटी तिने ठरवलं,’ पुढच्या पानावर, ‘घोडा तयार आहे, आता थांबायचं नाही.’ तिथून पुढे तिला सगळे किल्लेदारीण म्हणू लागतात आणि ती रातोरात दरवाजा उघडून, तलवार उपसून, एकदाही मागे न पाहता निघून जाते. नानांनी मांडीवर थाप मारली. जिच्या कमरेला किल्ल्या, ती किल्लेदारीण. एका शब्दात लेखिकेने घराचा किल्ला केला होता. आणि ऐतिहासिकात? किल्लेदार सदरेवर निपचित पडलेला, दगा कुणी केला असं त्याची बायको विचारते, आणि पहारेकरी म्हणतो, “बाईसाहेब, सांगण्याआधी हा पंखा बंद करतो.” मग इन्स्पेक्टर नील येतो, ठसे घेतो आणि एका मामाला बेड्या घालतो. इतिहासाची चौकशी अजून चालू आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

तीन टिपण्या एकाच दिवशी फलकावर चढल्या. ‘सदर तिन्ही कादंबऱ्यांचे शेवट सर्वसामान्य वाचकाच्या आकलनाबाहेरचे आहेत,’ हे वाक्य नानांनी भाबडेपणानेच लिहिलं होतं, पण त्याने गिरगावात आग लावली. आपण सर्वसामान्य नाही हे सिद्ध करायला सभासदांची रांग लागली. एकेक जण पुस्तक नेई, परत आणताना गंभीर चेहरा करी आणि म्हणे की शेवट जबरदस्त आहे, पण प्रत्येकाला झेपायचा नाही. खोताच्या वाडीतल्या एका बाईंनी पंख्याचा अर्थ काळाचं चक्र असा लावला. फलकावर टाचण्या पुरेनात. विकास तर हवेतच होता. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी वक्ता शोधताना विकासची चप्पल झिजे, या वर्षी वक्ता घरचाच निघाला. व्याख्यानाचा विषय ठरला, ‘शेवट : एक नवा विचार’.

वाचनालयाच्या वाडीच्या तोंडाशी व्याख्यानाचा फलक लावायची परवानगी काढायला नाना स्वतः महापालिकेत गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचून विचारलं की शोकसभा आहे का, तिचा फॉर्म वेगळा. नानांनी त्यांना आधुनिक कादंबरी समजावून सांगितली. मागे रांगेतले लोक ओरडू लागल्यावर बाईंनी ‘इतर’ या रकान्यात खूण केली. फलक छापणाऱ्याला एवढंही समजून घ्यायला वेळ नव्हता. त्याने नानांचा फोटो चौकटीत घातला, भोवती झेंडूची फुलं काढली आणि खाली ठसठशीत छापलं, ‘नाना टिपणीस यांचा शेवट : एक नवा विचार’. सकाळी दूध घेऊन परतणाऱ्या नानांना समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ डोळे पुसताना दिसले. नलूताईंना त्या दिवशी बारा फोन आले. शेवटच्या चौघांना तर त्यांनी, नाही हो, अजून आहेत, एवढंच सांगून फोन ठेवला.

याच धावपळीत विकासने एक शोध लावला. ‘तिसऱ्या मजल्यावरची सून’च्या लेखिका, राधाबाई, हयात आहेत. वय एक्याऐंशी, मुक्काम दादर. एवढी एकच कादंबरी लिहून गप्प बसलेल्या. त्यांच्याकडे स्वतःच्या पुस्तकाची प्रतही उरली नव्हती, म्हणून विकासने निमंत्रणाबरोबर वाचनालयाची प्रतच पोचती केली. राधाबाई येणार म्हटल्यावर नानांनी व्याख्यान अकरा पानांचं केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची टिपणी ज्याच्याबद्दल, त्याच्याचसमोर वाचली जाणार होती.

वर्धापनदिन रविवारी संध्याकाळी पाचला. सकाळी नलूताई बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या. शेजारी नानांनी व्याख्यानासाठी आणलेली दोन पुस्तकं होती. नलूताईंची एक सवय नानांना लग्नापासून खुपत आली होती. त्या कुठल्याही पुस्तकाचा शेवट आधी वाचत आणि बरा वाटला तरच सुरुवात करत. त्यांनी ओल्या हाताने एक पुस्तक उघडलं, मग दुसरं, आणि बराच वेळ वाल सोलले गेले नाहीत.

“अहो,” त्या म्हणाल्या, “या गडावर वीज कधी आली?”

नाना दाढी अर्धी टाकून आले आणि इतिहासाची चौकशी कशी चालू आहे हे समजावू लागले. नलूताईंनी ऐकून घेतलं. मग एका पुस्तकाचं एकशे ब्याण्णवावं पान आणि दुसऱ्याचं एकशे त्र्याण्णवावं शेजारी-शेजारी धरलं आणि बोट ठेवून वाचलं, “खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव सांगण्याआधी हा पंखा बंद करतो.”

नानांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. नानांच्या डोळ्यांपुढे परळचा बाक आला, गरम ग्लास आला, आणि तीन एकशे त्र्याण्णव आले. गालावरचा साबण पुसत ते टॅक्सी बघायला धावले.

रामजी दुपारच्या जेवणाला बसायच्या तयारीत होते. त्यांनी दोन्ही पुस्तकं चाळली, ओळी जुळवल्या आणि एवढंच म्हणाले, “मी बघतो म्हटलं होतं.” त्यात टोमणा नव्हता, म्हणून नानांना ते जास्त लागलं. नानांनी मान खाली घालून सांगितलं की चूक माझी आहे आणि ती तुमच्या नावावर जाऊ देणार नाही. रामजींनी ताट झाकून ठेवलं. उसवून परत शिवणं तासाभराचं काम, ते म्हणाले, पण तिसरं पुस्तक हातात हवं. तिसरं दादरला होतं. आख्ख्या मुंबईत त्या कादंबरीचा खरा शेवट ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती तेच पुस्तक घेऊन बसली होती.

दोघे दादरला पोचले तेव्हा राधाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की बाई आज फार खुशीत होत्या, नवं लुगडं नेसून दुपारीच निघाल्या, पुस्तक पिशवीत नव्हे, छातीशी धरून. टॅक्सीत नानांनी व्याख्यानाचे अकरा कागद एकदा काढले आणि परत ठेवले. रामजी खिडकीबाहेर बघत होते. गिरगाव जवळ आल्यावर म्हणाले, “नाना, आता बोलायचं तर खरंच बोला. शिवण खोटी असली की पुस्तक उघडल्याबरोबर कळतं.”

सभागृह खच्चून भरलं होतं. फलकामुळे काही लोक पांढरे कपडे घालूनही आले होते. पहिल्या रांगेत राधाबाई, मांडीवर ते काळं पुस्तक, दोन्ही हात त्यावर. नानांनी विकासला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. विकास पांढराफटक पडला. तो म्हणाला की काही बोलू नका, रेटून न्या, बाई म्हाताऱ्या आहेत, विसरल्या असतील. नाना क्षणभर मोहात पडले. मग त्यांना ती पिशवीत न ठेवलेली प्रत आठवली आणि ते माइकपाशी गेले.

“विषय,” ते म्हणाले आणि सवयीने थांबले. “विषय, माझी चूक. मंडळी, मी ज्या तीन शेवटांबद्दल तुम्हाला दोन आठवडे शहाणपण शिकवलं, ते शेवट त्या पुस्तकांचे नाहीत. फर्मे मी लावले. आकडे बघून लावले. बाइंडर ओळी लावून बघतो म्हणत होते, मी ऐकलं नाही. राधाबाई, तुमच्या सुनेला मी दुसऱ्याच्या गडावर नेऊन सोडलं. मला माफ करा.”

मागून हसू फुटलं आणि ते रांगेरांगेने पुढे आलं. मला तेव्हाच संशय आला होता, असं म्हणणारे एकाच वेळी तीस-चाळीस निघाले. काळाचं चक्रवाल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. नानांची कानशिलं तापली होती, तरी ते खाली बसले नाहीत. उत्तर यायचं राहिलं होतं.

राधाबाई उठल्या. कुणीतरी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांना माइक नको होता.

“माझी नम्रता शेवटी सासूच्या पाया पडते,” त्या म्हणाल्या. “मी तसं लिहिलं नव्हतं. मी तिला घराबाहेर काढलं होतं. प्रकाशक म्हणाले, बाई, अशी कादंबरी लायब्ऱ्या घेणार नाहीत, बारसं करा, पेढे वाटा. मी केलं. ते सोळा पानांचं बारसं मला चाळीस वर्षं टोचतंय, म्हणून दुसरं पुस्तक लिहिलं नाही.” त्यांनी पुस्तक उघडलं. “परवा हे वाचलं. पान उलटलं आणि घोडा. मी उठून बसले. रात्रीत तीनदा वाचलं. फक्त बाळाचं काय झालं ते कळत नाही, ते सासूकडे राहिलं असं मी धरलंय. घर सांभाळणं म्हणजे काय, ते आता सासूलाही कळू दे.”

सभागृहातलं हसू कुठल्या कुठे गेलं. नलूताईंनी पदर डोळ्यांना लावला. राधाबाईंनी पेन मागितलं. नानांनी खिशातलं काढून दिलं, घाईत टोपण खाली पडलं, ते रामजींनी उचललं.

विकासने भीत भीत विचारलं की मग हे पुस्तक उसवायचं की कसं, कारण वाचनालयाचं पुस्तक चुकीचं ठेवायचं तर ठराव लागेल. राधाबाईंनी रामजींकडे पाहिलं. रामजी म्हणाले की दुसऱ्या दोन पुस्तकांचं मी बघतो, गडाचा शेवट यातून झेरॉक्स करून शिवून देईन, पण या पुस्तकाला मी कात्री लावणार नाही.

मग राधाबाईंनी दोनशे आठवं पान काढलं, टेबलावर वाकून छापील शेवटच्या ओळीखाली सावकाश काहीतरी लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि पुस्तक नानांच्या हातात दिलं. नानांनी चष्मा पुसला. अक्षर म्हातारं होतं, पण वाचता येत होतं.

‘शेवट मंजूर.’

नानांनी ते दोनदा वाचलं, आणि मग नलूताईंना दाखवायला पुस्तक उंच धरलं. त्यांनी तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कितव्या फेरीत?”

“पहिल्याच,” नाना म्हणाले.